अमेरिकन सॅक्सोफोन रिसायटल: पियानोवाल्याला साथीदार समजू नका

शास्त्रीय सॅक्सोफोन शिकायला अमेरिकेत आलेल्या आणि पदवीच्या रिसायटलला, म्हणजे परीक्षेसाठीच्या स्वतःच्या वादनाच्या कार्यक्रमाला, फक्त अमेरिकन संगीत वाजवायचं ठरवलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. रीड कशी पारखायची, लाँग टोन्स कशासाठी करायचे, हे तुम्हाला येतं असं धरून चालते.

कार्यक्रम आखताना सगळ्यांच्या तोंडी तीच नावं येतात. सोनाटा म्हणजे इथे सॅक्सोफोन आणि पियानोसाठीची अनेक भागांची रचना: पॉल क्रेस्टनचा सोनाटा (१९३९), रॉबर्ट मुचिन्स्कीचा (१९७०), विल्यम ऑलब्राइटचा (१९८४). तिन्ही मला जिवापाड आवडतात. तरी सांगते, तिन्ही एका संध्याकाळी लावू नका. ओठ थकतील हे खरंच, पण आधी पियानोवाला थकेल आणि त्याच्याबरोबर तुम्हीही बुडाल.

ही मंडळी मुळात कळफलकावरची. क्रेस्टन न्यूयॉर्कमध्ये चर्चचा ऑर्गन वाजवायचा. सॅक्सोफोनवादक सेसिल लीसनच्या कार्यक्रमांत पियानोवर तो स्वतः बसायचा आणि हा सोनाटा त्याने लीसनसाठीच लिहिला. म्हणजे पियानोचा भाग त्याने स्वतःच्या बोटांसाठी लिहिला. मुचिन्स्की पियानिस्ट, ऑलब्राइट ऑर्गन आणि रॅगटाइम (जुनी अमेरिकन पियानोशैली) वाजवणारा. यांच्या सोनाट्यात पियानो मागे उभा राहत नाही.

आपण अडकतो ते इथेच. लहानपणापासून कानावर संवादिनीची साथ असते. आपण एखाद्या स्वरावर जरा रेंगाळलो तर पेटीवाला रेंगाळतो, जागा घेतली तर मागून तीच जागा भरतो. तीच अपेक्षा घेऊन मी पियानोबरोबरच्या पहिल्या तालमीला गेले. क्रेस्टनच्या पहिल्याच पानावर एका लांब स्वराला थोडं फुलवलं, आणि पियानो पुढे निघून गेला. त्याचं काहीच चुकलं नव्हतं. माझा स्वर लांबलेला असताना त्याच्या डाव्या हातात आडवे ठेके चालू होते आणि माझं पुढचं वाक्य त्या ठेक्यावरच उभं राहणार होतं. आम्ही पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच सुटलो. ती खोली आठवली की अजून पोटात गोळा येतो.

क्रेस्टनचं सगळं लक्ष लयीवर. पुढे त्याने लयीच्या तत्त्वांवर आख्खं पुस्तक लिहिलं. कागदावर मात्रा साधी दिसते, पण आतले गट तिरके पडतात. दुसरा भाग पाच मात्रांचा आहे. झपताल ऐकून वाढलेल्याला पाचाची भीती नसते, हा आपला फायदा आहेच. फक्त समेवर भेटू म्हणून निर्धास्त राहू नका. वाक्य कुठे टेकायचं ते पियानोची प्रत पाहूनच कळतं.

म्हणून सॅक्सोफोनची सुटी पानं बाजूला ठेवा आणि पियानोची प्रत उघडा. डाव्या हाताची ओळ टाळी देत म्हणा. मग तुमच्या पानावर, लांब स्वरांच्या खाली, पियानोचा ठेका पेन्सिलीने लिहून घ्या. एक ध्यानात असू द्या. आपण वाजवतो तो आल्टो सॅक्सोफोन ई फ्लॅटमधला आहे, त्यामुळे तुमच्या कागदावरचा ए पियानोवर सी वाजतो. स्वर पडताळताना गोंधळ इथेच होतो.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडक आहे. संगणकावरची तयार साथ लावून रियाज करू नका. ती श्वास घेत नाही, तुमचं ऐकत नाही, आणि तुम्हालाही न ऐकण्याची सवय लावते. यूट्यूबवरची लय उचलणंही तसंच. गुरूंच्या बाबतीत मी एकच पाहते: शिकवताना त्यांच्यासमोर पियानोची प्रत असते का? नवनवे माउथपीस सुचवणारे खूप भेटतात. पियानोची ओळ गाऊन दाखवणारा भेटला तर त्याला सोडू नका.

सुरांचं थोडक्यात. पियानो हलणार नाही, हलायचं तुम्ही. ऑक्टेव्ह की (सप्तक वर नेणारी कळ) दाबून वाजणारा मधला डी चढतो, मोकळा सी शार्प उतरतो. तानपुऱ्यावर तयार झालेला कान शुद्ध गंधार पियानोपेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे पियानोच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग) खाली धरतो. तो बेसूर नाही, पण पियानोच्या कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांवर, वेगळा पडतो. तानपुरा सोडू नका, त्यानेच कान शाबूत राहतो. फक्त रोज थोडा वेळ पियानोच्या स्वरांशीही जुळवा.

हे वाचून धास्ती घेऊ नका. लय अंगात असलेली मुलं या संगीतात फार लवकर रुळतात, मी स्वतः पाहिलंय.

पहिल्या रिसायटलला मी सांगेन ते असं: आधी मुचिन्स्की, दोनच भागांचा आणि आटोपशीर. मग वॉरेन बेन्सनचं ‘एओलियन साँग’, तिथे दोघांनाही श्वास घ्यायला जागा मिळते. मध्यंतर, आणि मग क्रेस्टन. ऑलब्राइट पुढच्या वर्षासाठी ठेवा. त्याचा दुसरा भाग संगीतकार जॉर्ज काचोप्पोच्या मृत्यूनंतरचा विलाप आहे आणि तो घाईत बसवायचा नसतो. पियानिस्टला सगळ्या प्रती सत्र सुरू होण्याआधी द्या, मानधन आधीच बोलून घ्या, आणि तारीख त्याच्या सोयीने ठरवा.