गोव्यात आरओ घ्यायच्या आधी नळाचं पाणी घरीच कसं तपासायचं

नवीन फ्लॅटची चावी हातात आली रे आली की आरओवाला (पाण्यातले क्षार गाळून काढणारं मशीन विकणारा) दारात उभा असतोच. आपल्याच नळाचं पाणी ग्लासात घेतो, त्यात दोन सळ्यांचं विजेचं यंत्र सोडतो आणि मिनिटभरात पाणी चॉकलेटी, वर तवंग, शेजारच्या ग्लासातलं त्याचं आरओचं पाणी मात्र स्वच्छच, आपण गार. तर आधी हे ऐका, ती घाण पाण्यातली नसते, वीज गेली की लोखंडाची सळीच झिजते आणि तो गंज पाण्यात उतरतो, आरओच्या पाण्यात क्षार फारच कमी असल्याने त्यातून वीज नीट जात नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं, एवढाच खेळ. त्याच्या त्या शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून परत यंत्र लावायला सांगा, मग बघा त्याचा चेहरा.

आता आपलं पाणी मुळात कसलं ते बघू. तिसवाडी आणि फोंड्याला मुख्यतः ओपाचं, म्हणजे खांडेपार नदीचं, सासष्टी मुरगावला साळावली धरणाचं, बार्देशला अस्नोड्याहून, त्यात तिळारीचंही येतं. सगळं नदीचं आणि धरणाचं पाणी, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जमीन जांभ्याची, चुनखडी फारशी नाहीच, मग पाणी जड, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं, होणार कुठून? म्हणून तर घाटावरचे पाहुणे आले की बाथरूममधून ओरडतात, अंगावरचा साबण जातच नाही म्हणून. ते मऊ पाण्याचं लक्षण, साबण खराब नाहीये.

पण सरकारी नळाचं पाणी आणि तुमच्या किचनच्या नळाचं पाणी एकच असेल असं धरून चालू नका. मध्ये सोसायटीचा संप, म्हणजे जमिनीखालची टाकी असते, गच्चीवरची टाकी असते, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच संपात टँकर रिकामा होतो, तो कुठल्या विहिरीचा का बोअरचा ते सेक्रेटरीलाही माहीत नसतं (विचारून बघा, विषय बदलतात). म्हणून नमुने दोन घ्या, एक मीटरजवळच्या डायरेक्ट लाइनचा, एक किचनचा. पुढची प्रत्येक टेस्ट दोन्हींवर करायची, निम्मं उत्तर त्यातच मिळतं.

टीडीएस मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतो, घ्या, पण तो फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू नाही, गढूळपणा नाही, आणि लोखंडाचं तर त्याला काहीच कळत नाही. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला टीडीएस 500 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगला मानतात, नदीच्या पाण्याचा आकडा सहसा त्याच्या कितीतरी खाली असतो. डायरेक्ट लाइनला कमी आणि किचनला एकदम जास्त आला तर टँकरचं पाणी मिसळलंय असं समजा. किनाऱ्याजवळच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात तेव्हाही आकडा चढतो, पण तो मिठाचा असतो, पाणी जड असेलच असं नाही.

जडपणा बघायचा तर थेंबांचा किट घ्या. छोट्या बाटलीत खुणेपर्यंत पाणी, त्यात पुडीतली पावडर टाकून हलवायचं, गुलाबी-लाल रंग आला की दुसऱ्या बाटलीतलं द्रावण एकेक थेंब सोडायचं, प्रत्येक थेंबाला हलवायचं, लाल जांभळट होतो आणि मग एका थेंबाला सरळ निळा, तिथे थांबायचं, थेंब गुणिले डब्यावर लिहिलेला आकडा म्हणजे जडपणा. 200 मिलिग्रॅम प्रतिलिटरपर्यंत चांगलं. पावडर टाकल्याबरोबर निळं झालं तर जडपणा जवळपास नाहीच, सॉफ्टनर (जडपणा काढणारं मशीन) विसरा. बोअरचं पाणी वापरत असाल आणि गीझरच्या कॉइलवर पांढरा थर, डाळ शिजता शिजत नाही असं असेल तरच सॉफ्टनरचा विचार करायचा.

आपल्याकडचा खरा त्रास म्हणजे लोखंड. बादलीभर पाणी रात्रभर उघडं ठेवा, सकाळी तळाला तांबूस गाळ किंवा वर रंगीत तवंग दिसला तर लोखंड आहे. किंवा परसातल्या पेरूची कोवळी पानं ठेचून पाण्यात टाका, पाणी काळपट जांभळं झालं तर तेच. जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बऱ्याचदा थोडं आम्लट असतं, ते जुने जीआय पाइप (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) खातं, म्हणजे पाणी चांगलं आणि गंज तुमच्याच पाइपाचा, असंही होतं. याला आरओ लावलात तर त्यातला महागडा मेम्ब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, लोखंडानेच चोंदतो, आधी आयर्न फिल्टर लागतो किंवा पाइप बदलावा लागतो.

मग क्लोरीन. टेस्ट किट मेडिकल किंवा केमिकलच्या दुकानात विचारा, थेंब टाकला की पिवळा रंग येतो, पट्टीशी जुळवायचा. नळाला निदान 0.2 मिलिग्रॅम प्रतिलिटर हवा. डायरेक्ट लाइनला पिवळा आणि किचनला काहीच नाही, तर टाकीतला गाळ सगळा क्लोरीन खातोय, मशीन नको, टाकी धुवा. जंतूंसाठी काळी पडणारी बाटली मिळते, पाणी भरून एक-दोन दिवस ठेवायची, काळी झाली तर उकळल्याशिवाय प्यायचं नाही. विहीर आणि सोकपिट (सांडपाणी जिरवायचा खड्डा) जवळजवळ असेल तर ही टेस्ट पावसाळ्यात नक्की करा.

एवढं करून टीडीएस कमीच असेल तर गाळाचा फिल्टर, कार्बन आणि यूव्ही (अतिनील किरणांनी जंतू मारणारा दिवा) पुरतं. 500 च्या खाली आरओ नको असं हरित लवादानेही 2019 मध्ये म्हटलंय, शिवाय आरओ बरंच पाणी गटारात सोडतो आणि मेमध्ये आपल्याला तेच पाणी टँकरने विकत घ्यावं लागतं.

टाकी वर्षातून दोनदा तरी धुवायची, एकदा टँकरचा सीझन संपल्यावर आणि एकदा चतुर्थीच्या आधी. ब्लीचिंग पावडर टाकायची तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, थेट टाकीत ओतायची नाही, मगात कालवून निवळू द्यायची, वरचं पाणी तेवढं घालायचं, खालचा चुना फेकून द्यायचा, आणि तासभर कुणी नळ सोडायचा नाही.