मायच्या गाण्यांतले शब्द मोजणारा सी प्रोग्रॅम

आखाजीला माहेरी गेले की माय झोक्यावरची गाणी म्हणते आणि मी ती उतरवून घेते. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, बोरीच्या काठी. आतापर्यंत ४० गाणी टाईप झाली, सगळी अहिराणीत, दोन गाण्यांमध्ये एक कोरी ओळ. शब्द किती झाले हे बघायला मी तोच प्रोग्रॅम वापरला जो डिप्लोमाच्या मुलांना सुरुवातीला शिकवते. वर्गात सांगते तसाच तो इथे तोंडी सांगते. मुलांनी आधी ऐकून स्वतः लिहावा, फळ्यावरून उतरवू नये, हा माझा आग्रह आहे.

नवा शिकणारा हमखास मोकळ्या जागा मोजतो आणि त्यात एक मिळवतो. नीट टाईप केलेल्या एका ओळीत उत्तर बरोबर येतं, म्हणून चूक लवकर कळत नाही. दोन स्पेस पडल्या की शब्द वाढतो. कपाशीच्या ओळीत नांग्या, म्हणजे बी न उगवल्याने पडलेल्या मोकळ्या जागा, मोजून कुणी झाडं सांगत नाही, कारण एके ठिकाणी एक नांग असते, दुसरीकडे सलग तीन. इथेही मोकळ्या जागेतून शब्दात शिरलो, त्या क्षणी एक मोजायचा. त्यासाठी एवढंच लक्षात ठेवावं लागतं की आत्ता आपण शब्दाच्या आत आहोत की बाहेर.

आता लिहा. सर्वांत वर एसटीडीआयओ डॉट एच इन्क्लूड करा. मेनमध्ये तीन व्हेरिएबल घ्या. पहिला सी, प्रकार इंट, यात वाचलेलं अक्षर येईल. दुसरा आत, तोही इंट, सुरुवातीला ०. तिसरा शब्द, प्रकार लाँग, सुरुवातीला ०. मग व्हाइल लूप. त्याच्या अटीत आधी एक कंस उघडा, सी इक्वल टू गेटचार लिहा, गेटचारचे रिकामे कंस द्या, पहिला कंस बंद करा आणि मग नॉट इक्वल टू ईओएफ, म्हणजे फाईल संपल्याची खूण. लूपमध्ये इफ: सी हा स्पेस, नवी ओळ किंवा टॅब असेल तर आत ० करा. एल्स इफ आत ० असेल, तर आत १ करा आणि शब्द एकने वाढवा. लूप संपल्यावर प्रिंटएफने शब्द छापा. तो लाँग आहे, म्हणून पर्सेंट एलडी.

लाँग मुद्दाम घेतला. कित्येक लॅबमध्ये अजून टर्बो सी हा जुना कंपायलर चालतो आणि त्याचा इंट ३२,७६७ च्या पुढे मोजू शकत नाही.

अटीतला तो आतला कंस विसरलात तर कंपायलर अडवणार नाही. पण तुलना आधी होईल आणि सीमध्ये अक्षराऐवजी १ जाऊन बसेल. मग रिकामी सोडून फाईल कुठलीही द्या, उत्तर १. कुणाच्या स्क्रीनवर १ दिसला की मी आधी कंस बघते.

सीचा प्रकार इंटऐवजी चार, म्हणजे कॅरेक्टर, करायचा मोहही टाळा. ईओएफ ही ऋण संख्या असते. लिनक्सवरच्या रास्पबेरी पायसारख्या एआरएम मशीनवर चारमध्ये ऋण संख्या बसतच नाही, त्यामुळे लूप कधी संपत नाही. आपल्या नेहमीच्या लॅपटॉपवर तोच प्रोग्रॅम सुरळीत चालतो, म्हणून ही चूक फार उशिरा सापडते.

चाचणी आधी छोट्या ओळीवर घ्या. मी मायचं रोजचं वाक्य घेतलं: आते तू कथा जास. कीबोर्डवरून देत असाल तर शेवटी एंटर, मग लिनक्सवर कंट्रोल डी. विंडोजवर कंट्रोल झेड आणि पुन्हा एंटर. उत्तर ४ यायला हवं. मग रिकामी फाईल द्या, उत्तर ०. नुसत्या स्पेसची ओळ द्या, तरी ०.

या प्रोग्रॅमला देवनागरीचं काहीही माहीत नाही, तरी अहिराणीचे शब्द बरोबर मोजले जातात, हे मला फार आवडतं. मजकूर साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्राही वेगळी. कथा हा शब्द ९ बाइटचा. पण स्पेसचा ३२ हा आकडा त्या बाइटांमध्ये कधीच येत नाही, त्यामुळे शब्द मध्येच तुटत नाही. अक्षरं मोजायला मात्र हा प्रोग्रॅम वापरू नका. वरच्या ओळीत शेवटच्या एंटरसकट ३७ बाइट आहेत.

लिनक्सवर पडताळणीसाठी डब्ल्यूसी ही कमांड आहे, युनिक्सच्या १९७१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनची. या ओळीसाठी ती १, ४, ३७ असे आकडे देते: ओळी, शब्द, बाइट. गाण्यांच्या पूर्ण फाईलवर मात्र माझा आकडा तिच्यापेक्षा ३९ ने जास्त आला. संध्याकाळभर शोधलं. गाणी मी भावाच्या विंडोज लॅपटॉपवर टाईप केली होती आणि प्रोग्रॅम लिनक्सवर चालवला. विंडोज ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न नावाचं एक जास्तीचं चिन्ह ठेवतो. ४० गाण्यांमधल्या ३९ कोऱ्या ओळींत ते एकटंच होतं आणि माझा प्रोग्रॅम त्याला शब्द समजत होता. उपाय सोपा आहे. सीटाईप डॉट एच इन्क्लूड करा आणि इफच्या तीन तुलनांऐवजी इझस्पेस वापरा. त्यात कॅरेज रिटर्नही धरलेला असतो.

दंडाचं, म्हणजे ओळीअखेरच्या उभ्या रेघेचं, काय करायचं ते तुम्हीच ठरवा. ओळीअखेर स्पेस देऊन दंड टाकला तर तो वेगळा शब्द मोजला जातो, डब्ल्यूसीमध्येही. मी दंड शब्दाला चिकटवून टाईप केले. माय धृपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा म्हणते, ते मात्र मी दरवेळी पूर्ण लिहिलं. ती म्हणते तेवढे सगळे शब्द मोजायचे होते.