हिचहायकर्स गाइड चारचौघांत दाखवताय? मग मतं अशी गोळा करा

"पिक्चर कसा वाटला?" हा प्रश्न आधी बंद करा. त्याला आमच्या सांगलीत दोनच उत्तरं येतात, "नाद खुळा" नाहीतर "बरा हाय की", आणि दोन्हीतून काय कळत नाही. त्यात 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' (२००५ चा, डग्लस ॲडम्सच्या अंतराळातल्या विनोदी कादंबरीवरचा) असला पिक्चर असला की तिसरं पण एक उत्तर येतंय, "पुस्तक लई भारी होतं राव", आणि असं म्हणणाऱ्या निम्म्यांनी पुस्तक उघडलेलं पण नसतंय. हा पिक्चर एकाला पोट धरून हसवतो आणि शेजारच्याला जांभया आणतो. ते का, हे काढायचं असेल तर जरा तयारी लागते. मी विश्रामबागेत घरीच प्रोजेक्टर लावून लोकं जमवतो, त्यावरून सांगतोय.

लोकं बसायच्या आधी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि वर एवढंच लिहायला सांगा, पुस्तक वाचलंय का नाही. नाव नको. पुढं जे काय मत येईल ते या एका ओळीशिवाय बिनकामाचं, कारण वाचलेला माणूस पडद्यावर काय नाही ते बघत असतो आणि न वाचलेला काय आहे ते.

उदाहरण घ्या. सुरुवातीलाच बायपाससाठी आर्थर डेंट या नायकाचं घर पाडायला बुलडोझर येतात, आणि थोड्या वेळानं अंतराळातल्या बायपाससाठी व्होगॉन नावाचे परग्रहवाले अख्खी पृथ्वीच पाडतात. हे आपल्याकडं कुणाला समजावून सांगायला लागत नाही, भूसंपादन, नोटीस, हरकती मागवल्या होत्या तेव्हा कुठं होता तुम्ही, सगळं पाठ आहे. आमच्याकडं एक रिटायर काका येतात, जन्म सरकारी कचेरीत गेला, ते व्होगॉन लोकांची फॉर्म आणि रांग बघून इतके हसले की चष्मा काढून पुसायला लागले. पण पुस्तक वाचलेला पोरगा शेजारीच तोंड पाडून बसलेला. त्याचं म्हणणं, पुस्तकात ती नोटीस तळघरात, बंद पडलेल्या संडासात, कुलपाच्या कपाटात असते आणि दारावर 'बिबट्यापासून सावधान' अशी पाटी, तो संवाद पिक्चरनं बराच छाटलाय. (शिराळ्याकडच्या माणसाला ती पाटी विनोद वाटेल का हा वेगळा विषय, तिकडं उसात खरोखरचा बिबट्या असतो.) दोघांचंही बरोबर आहे. चिठ्ठीवर वाचलंय-नाही लिहिलेलं नसतं तर दोन मतं नुसतीच एकमेकांवर आपटली असती.

पिक्चर पावणेदोन तासांच्या आसपास आहे, इंग्रजी सबटायटल लावाच, ब्रिटिश लोक विनोद तोंडातल्या तोंडात करतात. भडंग द्या पण नंतर, कुडुमकुडुम आवाजात निम्मे डायलॉग जातात.

संपला की लगेच चर्चा नको. आधी चिठ्ठीवर लिहून घ्या, नाहीतर जो मोठ्यानं बोलतो त्याच्याच मागं सगळे मान हलवतात. प्रश्न दोनच. कुठं हसला आणि कुठं मोबाईल काढला? आणि हसू कानामुळं आलं का डोळ्यामुळं?

हा दुसरा प्रश्न माझा लाडका. कारण ही गोष्ट आधी पुस्तक नव्हतीच, १९७८ ला बीबीसी रेडिओवर आली, कादंबरी १९७९ ला, टीव्ही मालिका १९८१ ला. म्हणजे मूळ विनोद कानासाठी लिहिलेला. आता रेडिओवर झेफॉड या पात्राला दोन डोकी आहेत म्हटलं की काम झालं, दाखवायचा खर्च शून्य. टीव्हीवर खांद्यावर एक यांत्रिक डोकं बसवलं, आणि पिक्चरमध्ये दुसरं डोकं हनुवटीखालून वर येतंय. यावर हमखास भांडण होतं, होऊ द्या. उलट आकाशातून पडणारा तो देवमासा बघा, जन्मल्या जन्मल्या मी कोण, हा वारा काय, असं स्वतःशीच बोलत खाली येतो आणि जमिनीशी मैत्री होईल का म्हणतो. ते कानाला पण लागतं आणि डोळ्याला पण, आमच्याकडं तिथं दोन्हीकडचे लोक एकत्र हसतात. मार्व्हिन या कायम उदास रोबोटचं पण तसंच, आवाज ॲलन रिकमनचा, म्हणजे हॅरी पॉटरमधला स्नेप, त्या रडक्या आवाजावर पोरं फिदा. १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' नाटक ज्या गावात केलं तिथली लोकं संवादाला कान देऊन बसणारच म्हणा.

चर्चेत एक आरोप ठरलेला असतो, "हॉलिवूडवाल्यांनी नवीन कायबाय घुसडलं." इथं तुम्ही मध्ये पडायचं. जॉन मालकोविचनं केलेलं हुमा कवुला हे पात्र आणि ती समोरच्याला आपल्या नजरेनं बघायला लावणारी बंदूक पुस्तकात नाही हे खरं, पण दोन्ही खुद्द डग्लस ॲडम्सनंच पिक्चरसाठी रचलेलं. गडी २००१ मध्ये गेला, पिक्चर बघायला राहिला नाही, पण पटकथेवर त्याचं नाव आहे. प्रत्येक वेळी नव्यानं सांगताना तो स्वतःच गोष्ट बदलायचा, त्यामुळं 'पुस्तकासारखं नाही' एवढ्यावर मार्क कापू नका. नवीन भाग जमला का, ते विचारा. माझं विचाराल तर बंदूक जमली, हुमा कवुला अर्ध्यातच सोडून दिलाय, आणि आर्थर आणि नायिका ट्रिलियनचं प्रेमप्रकरण उगाच ताणलंय. पण हे मी चिठ्ठ्या गोळा झाल्यावरच बोलतो, यजमानानं आधी तोंड उघडलं की पाहुणे भिडेखातर हो म्हणतात.

शेवटी चिठ्ठ्यांचे दोन गठ्ठे करा, वाचलेले आणि न वाचलेले, आणि दोन्हीत सारखं काय आलंय तेवढंच आधी मोठ्यानं वाचा. 'पिक्चर बघू का?' असं कुणी नंतर विचारलं तर त्याला त्याच्या गठ्ठ्यातलं मत सांगायचं, दुसऱ्या गठ्ठ्यातलं नाही. आणि तारीख शोधत असाल तर २५ मे धरा, ॲडम्सचे चाहते त्या दिवशी टॉवेल डे म्हणून खांद्यावर टॉवेल घेऊन फिरतात, कारण गोष्टीत टॉवेल ही अंतराळप्रवाशाची सगळ्यात कामाची वस्तू. सांगलीत मे महिन्यात तो घाम पुसायला लागतोच.