आधी वेळ लिहा: ट्रॉमाच्या (गंभीर जखमांच्या) संशोधनात येणाऱ्यांसाठी

पिकअप कॅज्युअल्टीच्या दारात लागली तेव्हा पहाटेचे साडेचार होत आले होते. जानेवारीचा महिना, निफाडकडची थंडी, उघडी गाडी. मागे द्राक्षांचे रिकामे क्रेट आणि त्यांच्यामध्ये गोधडीत गुंडाळलेला तिशीतला माणूस. मांडीचं हाड मोडलेलं, पोट फुगत चाललेलं, अंग गार पडलेलं. केस पेपरवर तापमानाचा रकाना होता. तो मी कोराच सोडला, कारण आमच्याकडचा साधा थर्मामीटर ३५ अंशांच्या खाली मोजतच नव्हता.

तेव्हा मी सर्जरीची पहिल्या वर्षाची रेसिडेंट होते. कोऱ्या रकान्याचं मला काही वाटलं नाही. पुढे थिसिसला बसले तेव्हा तोच रकाना आडवा आला. आता नाशिकमध्येच नोकरी करते आणि ज्युनिअर्सच्या सिनॉप्सिस, म्हणजे थिसिसचे आराखडे, वाचते. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्या दारातच, म्हणून दरवर्षी कुणी ना कुणी विचारायला येतं: "मॅडम, ट्रॉमावर करायचंय, कुठून सुरुवात करू?" त्यांना जे सांगते ते इथे सविस्तर लिहिते.

आधी तो गारवा. खूप रक्त गेलेल्या माणसाचं शरीर थंड पडलं की रक्त गोठवणारी यंत्रणा मंदावते. रक्तपुरवठा कमी पडल्याने पेशींमध्ये आम्ल साठतं, त्याने ती आणखी बिघडते. रक्त गोठत नाही म्हणून ते आणखी वाहतं. थंडी, आम्लता आणि न गोठणारं रक्त असं हे त्रिकूट. आपण त्यावर थंड सलाईनच्या बाटल्या लावत गेलो तर उरलंसुरलं रक्तही पातळ होतं. त्या माणसाला मी सलाईन लावलं होतं, भराभर. शिकवलं तसंच केलं होतं. सुदैवाने सिस्टरने ब्लँकेटं आणली, वरिष्ठांनी पोट लगेच उघडलं आणि तो वाचला.

सलाईनबद्दलची शंका जुनी आहे. १९९४ साली ह्यूस्टनमध्ये धड भेदून झालेल्या जखमांच्या ५९८ प्रौढ रुग्णांचा अभ्यास झाला. काहींना लगेच सलाईन दिलं, काहींचं ऑपरेशन थिएटरमध्ये पोहोचेपर्यंत थांबवलं. थांबवलेल्यांत ७० टक्के जगले, लगेच दिलेल्यांत ६२. नवख्याने पहिला वाचायचा तो हा पेपर. मात्र वाचताना शेजारी वहीत लिहायचं: या जखमा गोळीच्या आणि सुऱ्याच्या होत्या. आपल्याकडे मुंबई-आग्रा महामार्गावरून येतो तो ट्रकखाली आलेला मोटारसायकलवाला, आणि त्याच्या डोक्यालाही मार असतो. डोक्याला मार असेल तर रक्तदाब खाली ठेवणं मेंदूला परवडत नाही. एका जागचा निष्कर्ष दुसऱ्या जागी चालेल की नाही, हे तपासणं हा या विषयातला अर्धा अभ्यास आहे.

लष्करी संशोधनाकडे मी वळले ती देवळाली कॅम्पातल्या एका काकांमुळे. तोफखान्याच्या पलटणीबरोबर नर्सिंग असिस्टंट म्हणून राहिलेले, आता निवृत्त. त्यांना एकदा माझ्या थिसिसचा फॉर्म दाखवला. चष्मा लावून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला आणि विचारलं, "बाळ, यात टाइम कुठंय?"

"तारीख आहे ना काका."

"तारखेचं काय करायचं? आम्ही पायाला पट्टा आवळला की पेन घेऊन आधी टाइम लिहायचो. कागद नसला तर कपाळावर. पुढच्या डॉक्टरला पहिलं तेच लागतं."

टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा तो पट्टा, किती वेळ आवळलेलं आहे यावर पाय राहणार की जाणार हे ठरतं, म्हणून ती सवय. पण काकांचा प्रश्न माझ्या डोक्यात बसला आणि मग सगळे मोठे अभ्यास मी त्याच नजरेने परत वाचले.

२०१० साली क्रॅश-२ हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४० देश, २७४ रुग्णालयं, २०,२११ जखमी रुग्ण, आणि त्यात भारतातलेही बरेच. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड हे रक्ताची गुठळी विरघळू न देणारं स्वस्त औषध एक ग्रॅम दहा मिनिटांत आणि मग एक ग्रॅम आठ तासांत द्यायचं. औषध न मिळालेल्यांच्या तुलनेत मृत्यू १६ टक्क्यांवरून १४.५ वर आले. पुढच्या वर्षी त्याच आकडेवारीची वेळेनुसार फोड झाली. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत रक्तस्रावाने दगावणारे ७.७ वरून ५.३ टक्क्यांवर आले. तीन तासांनंतर दिलं तर उलटंच: ३.१ चे ४.४ झाले. औषध तेच, डोस तोच. कुणीतरी अपघाताची वेळ विचारून लिहून ठेवली होती म्हणून हे कळलं. २०१२ मध्ये अफगाणिस्तानातल्या कॅम्प बॅस्टियन इथल्या ८९६ जखमींच्या नोंदींतूनही या औषधाचा फायदा दिसला.

दुसरी गोष्ट प्लाझ्माची, म्हणजे रक्त गोठवणारे घटक असलेल्या रक्तातल्या द्रव भागाची, आणि ती मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. बगदादमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयात भरपूर रक्त द्यावं लागलेल्या २४६ जखमींच्या नोंदी २००७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तांबड्या पेशींच्या आठ पिशव्यांमागे प्लाझ्माची एक मिळाली त्या गटात ६५ टक्के दगावले. प्लाझ्माच्या एका पिशवीमागे पेशींच्या साधारण १.४ होत्या तिथे १९ टक्के. आकडा पाहून मी हरखून गेले होते. मग माझ्या गाइड सरांनी विचारलं, "प्लाझ्मा फ्रीजरमधून काढल्यावर वापरायला किती वेळ लागतो?" मला रक्तपेढीत पाठवलं. तिथे पाहिलं: दगडासारखी पिवळट पिशवी ३७ अंशांच्या पाण्यात हलत असते, टेक्निशियन अधूनमधून बोटांनी चाचपतो, आत अजून खडे लागतात, परत सोडतो. तोवर कॅज्युअल्टीतून तिसरा फोन आलेला असतो. आता विचार करा. जो वीस मिनिटांत गेला त्याला पेशीच मिळाल्या, प्लाझ्मा वितळायच्या आधी तो गेला. म्हणजे प्लाझ्मा मिळाला म्हणून जगला, की जगला म्हणून प्लाझ्मा मिळाला?

याचं उत्तर नोंदी चाळून मिळत नाही. त्यासाठी २०१५ चा प्रॉपर नावाचा अभ्यास झाला. उत्तर अमेरिकेतली १२ नागरी ट्रॉमा सेंटर्स, ६८० रुग्ण, कुणाला कोणतं प्रमाण द्यायचं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलेलं, आणि रक्तघटक मागितल्यापासून दहा मिनिटांत हजर. २४ तासांतल्या आणि ३० दिवसांतल्या मृत्यूंत ठोस फरक सिद्ध झाला नाही, पण पहिल्या २४ तासांत रक्तस्रावाने दगावणारे प्लाझ्मा आणि पेशी समप्रमाणात मिळालेल्या गटात ९.२ टक्के होते, दुसऱ्यात १४.६. युद्धात सुचलेली गोष्ट नागरी रुग्णालयाने पारखून घेतली. लष्करी आणि नागरी संशोधनाचं नातं मला असंच दिसतं. ते आपल्याकडेही वाढावं असं मनापासून वाटतं. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी आपल्याच विद्यापीठाची असते, आणि तरीही त्यांचे आणि आमचे रेसिडेंट एकमेकांचे थिसिस वाचत नाहीत.

आता माझी चूक. थिसिसला मी शॉक इंडेक्स, म्हणजे रक्तस्रावाने रुग्ण किती खालावलाय याचा साधा अंदाज, घेतला होता. नाडीला वरच्या रक्तदाबाने भागायचं, इतकंच. नाडी १२० आणि बीपी १०० असेल तर १.२. निरोगी माणसात ०.५ ते ०.७, एकच्या आसपास गेला की रक्त लागण्याची शक्यता मोठी. यंत्र नको, पैसा नको, छोट्या रुग्णालयालाही जमेल. विषय चांगलाच होता आणि आजही सुचवते. पण जुन्या फायलींमधून आकडे काढताना ज्यांच्या कागदावर "बीपी नॉट रेकॉर्डेबल" होतं त्यांना मी सरळ वगळलं. भागायला आकडाच नाही, काय करणार? वेळ न लिहिलेलेही वगळले. टेबलं तयार झाली आणि शॉक इंडेक्सचा फारसा उपयोग नाही असं काहीतरी विचित्र उत्तर आलं. सरांनी वगळलेल्या फायलींचा गठ्ठा मागवला. एकेक उघडत गेलो. जवळजवळ सगळे पहिल्या तासात गेलेले. ज्यांच्यासाठी हा अभ्यास करायचा होता त्यांनाच मी बाहेर काढून ठेवलं होतं. सहा महिन्यांचं काम गेलं. रडले. मग नवीन फॉर्म केला आणि पुढच्या रुग्णांपासून स्वतः उभं राहून नोंदी घेतल्या.

म्हणून सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक आठवडा कॅज्युअल्टीत नुसतं उभं राहा. भिंतीवरचं घड्याळ, मॉनिटरचं घड्याळ आणि तुमचा मोबाइल ताडून पाहा. आमच्याकडे भिंतीवरचं सात मिनिटं पुढे होतं. सात मिनिटांत माणूस जातो. फॉर्ममध्ये चार वेळा हव्यातच: अपघाताची, आत आणल्याची, रक्ताची पहिली पिशवी सुरू झाल्याची, आणि थिएटरमध्ये नेल्याची किंवा मृत्यूची. अपघाताची वेळ नातेवाइकांना नेमकी सांगता येत नाही. १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरला विचारा, कॉल किती वाजता आला ते त्याच्याकडे असतं. बीपी लागलं नाही तर "लागलं नाही" असाच पर्याय ठेवा आणि नाडी मनगटाला लागते की फक्त मानेला, ते लिहा. कमी तापमान मोजणारा थर्मामीटर मागून घ्या. वॉर्डातल्या मामांना आणि सिस्टरना पहिल्याच दिवशी सांगा की हे कशासाठी चाललंय. रात्री तीन वाजता वेळ ओरडून सांगतात ते मामाच.

एथिक्स कमिटीची परवानगी पहिल्या रुग्णाच्या आधी घ्या, नंतर नाही. औषध किंवा उपचार वाटून देणारा अभ्यास असेल तर सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीत, नोंदणीही आधीच. बेशुद्ध माणसाची संमती कशी घ्यायची यावर कमिटी हमखास विचारते, त्याची तयारी ठेवा. एमएलसीचे, म्हणजे पोलीस-कोर्टाशी संबंधित केसचे, कागद घरी न्यायचे नाहीत, त्यांचे मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत. नावाच्या जागी क्रमांक. स्टॅटिस्टिक्सच्या माणसाला शेवटी भेटू नका, फॉर्म छापायच्या आधी भेटा. एमबीबीएसला असाल तर आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) विद्यार्थी योजना दोन महिन्यांची असते. तेवढ्यात एवढ्याच वेळा नीट नोंदवल्यात तरी पुष्कळ.

आणि वाचताना लष्कराचा आकडा जसाच्या तसा उचलू नका. सैनिक तरुण, धडधाकट. २००९ पासून अमेरिकी सैन्याने अफगाणिस्तानात जखमीला तासाभरात हेलिकॉप्टरने नेण्याचा नियम केला. आपला रुग्ण पेठच्या घाटातून येतो, कधी साठीचा, मधुमेही, रक्त पातळ करणारी गोळी घेणारा. २००१ ते २०११ मधल्या अमेरिकी सैन्याच्या ४,५९६ युद्धमृत्यूंचा अभ्यास झाला त्यात ८७ टक्के मृत्यू रुग्णालय गाठायच्या आधीचे होते. आपल्याकडे वाटेत गेलेल्यांची फाइलच उघडत नाही. तिथे कुणीतरी काम करायला हवं.

गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी रात्रपाळी संपवून तशीच माझ्याकडे आली. हातात एक फॉर्म. आत आणलं २.१०. बीपी लागलं नाही, नाडी फक्त मानेला, २.१२. रक्त मागितलं २.१६. पहिली पिशवी, कोरं. मृत्यू २.३१. "मॅडम, हा धरायचा का? यात तर काहीच नाही." तिला बसवलं, मावशींना चहा सांगितला आणि तो फॉर्म सगळ्यात आधी कॉम्प्युटरवर चढवला.