चाइल्ड सीट गाडीत नेमकी कोणत्या आसनावर बसवावी

चाइल्ड सीट विकत घेताना आईवडील तिची किंमत, ब्रँड आणि गादीचे कापड बारकाईने पाहतात. ती गाडीतल्या कोणत्या आसनावर बसवायची हा प्रश्न मात्र सीट घरी आल्यानंतर पार्किंगमध्ये उभे राहून सोडवला जातो. खरे तर आधी जागा ठरवावी आणि मग सीट घ्यावी, कारण एकच सीट एखाद्या गाडीच्या डाव्या आसनावर पक्की बसते आणि त्याच गाडीच्या मधल्या आसनावर डुगडुगते. पुढची माहिती भारतातल्या, म्हणजे उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या आणि रस्त्याच्या डाव्या बाजूने चालणाऱ्या गाड्यांना धरून दिली आहे. ज्या देशांत वाहने उजवीकडून चालतात तेथे राहणाऱ्या वाचकांनी डावे-उजवे उलटे करून घ्यावे.

जागा निवडण्यापूर्वी दोन जागा बाद करून टाकाव्यात. पहिली म्हणजे आईची किंवा आजीची मांडी. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून थांबते तेव्हा आतल्या प्रत्येक माणसावर त्याच्या वजनाच्या पंचवीस ते तीस पट जोर येऊ शकतो; म्हणजे दहा किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी त्या क्षणी अडीचशे ते तीनशे किलोचे ओझे पेलण्याइतकी ताकद हातांत असावी लागेल, आणि ती कोणाच्याही हातांत नसते. आई आणि बाळ दोघांभोवती मिळून एकच पट्टा लावण्याची पद्धत तर त्याहून वाईट, कारण धडकेत आईचे सगळे वजन बाळावर येते आणि पट्टा त्याला पलीकडून दाबून धरतो.

दुसरी बाद जागा म्हणजे ड्रायव्हरशेजारचे पुढचे आसन. भारतात पुढच्या प्रवाशासाठीची एअरबॅग १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना आणि त्या वर्षाच्या अखेरीपासून आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलनाही सक्तीची झाली. ही एअरबॅग प्रौढ माणसाची छाती आणि डोके डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असते. मागे तोंड करून बसवलेल्या सीटची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ टेकलेली असते, त्यामुळे एअरबॅग फुटली की तिचा पूर्ण तडाखा त्या पाठीवर आणि पर्यायाने बाळाच्या डोक्यावर बसतो. काही गाड्यांत ही एअरबॅग किल्लीने बंद करण्याची सोय असते, पण ती मागचे आसनच नसलेल्या किंवा अगदीच नाइलाजाच्या प्रसंगासाठी आहे, असे मानावे. अशा वेळी मागे तोंड केलेल्या सीटसाठी एअरबॅग बंद केलीच पाहिजे. मूल पुढे तोंड करून बसणार असेल तर आसन रुळावर शक्य तितके मागे सरकवावे आणि एअरबॅगबाबत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली सूचना पाळावी. कायद्याकडे बोट दाखवून येथे सुटका नाही. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम १९४ ब एवढेच सांगते की चौदा वर्षांखालील मूल सीट बेल्टने किंवा चाइल्ड सीटने बांधलेले नसेल तर एक हजार रुपये दंड होईल. मूल कोणत्या आसनावर असावे, याबद्दल ते कलम काही बोलत नाही.

उरले मागचे आसन. तेथे सर्वांत सुरक्षित जागा कोणती, असे विचारले तर तात्त्विक उत्तर ठरलेले आहे, आणि ते म्हणजे मधली. बाजूने धडक बसली तर मधल्या आसनापासून दोन्ही दारे सर्वांत लांब असतात आणि आत दबत येणारा पत्रा तेथपर्यंत सहसा पोहोचत नाही. तीन वर्षांपर्यंतच्या, चाइल्ड सीटमध्ये बसलेल्या मुलांची अमेरिकेतील अपघातांमधली माहिती तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मागच्या कडेच्या आसनांपेक्षा मधल्या आसनावरील मुलांना इजा होण्याची शक्यता ४३ टक्क्यांनी कमी आढळली होती. एवढे वाचून बरेच पालक मधल्या जागेचा आग्रह धरतात. परंतु हा लाभ सीट तेथे घट्ट बसलेली असेल तरच मिळतो, आणि आपल्याकडच्या हॅचबॅक व छोट्या एसयूव्हींमध्ये नेमकी तीच अडचण असते.

म्हणून गाडीचे मागचे दार उघडून, टॉर्च हातात घेऊन एकदा नीट पाहणी करावी. आसनाची पाठ आणि बैठक जेथे मिळतात त्या फटीत बोटे घातली की आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट पट्ट्याऐवजी थेट गाडीला अडकवण्याच्या सोयीचे, दोन आडवे लोखंडी दांडे लागतात. त्यांच्या मध्यांतले अंतर २८ सेंटिमीटर असते. गेल्या काही वर्षांत आलेल्या बहुतेक गाड्यांत हे दांडे मागच्या डाव्या आणि उजव्या आसनाला असतात, मधल्याला नसतात. डाव्या आसनाचा आतला दांडा आणि उजव्या आसनाचा आतला दांडा यांत सीट अडकवून ती मध्यभागी बसवण्याची युक्ती काही जण करतात. गाडीच्या पुस्तिकेत आणि सीटच्या पुस्तिकेतही तशी स्पष्ट परवानगी नसेल तर हे करू नये.

दांडे सापडले की वरचा पट्टा, म्हणजे टॉप टेदर, अडकवण्याची जागा शोधावी. ती आसनाच्या पाठीमागे, डिकीच्या तळाशी किंवा काही गाड्यांत छताला असते. सामान बांधण्यासाठी डिकीत दिलेले हूक वेगळे असतात, ते एवढा ताण घेण्यासाठी बनवलेले नसतात, आणि दोन्हींत गल्लत होण्याचा संभव बराच आहे. तुमच्या सीटला टॉप टेदरऐवजी खाली टेकणारा पाय असेल, तर पायाखालची फरशी तपासावी. तेथे सामान ठेवण्यासाठी झाकण असलेला कप्पा असेल तर सपोर्ट लेग त्या झाकणावर टेकवता येत नाही. झाकण दाबले जाऊन पायाचा आधारच नाहीसा होतो.

यानंतर मधल्या आसनाचा पट्टा पाहावा. जुन्या अनेक गाड्यांत तेथे फक्त कमरेवरून जाणारा दोन टोकांचा पट्टा असतो. त्यावर बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलाला गाडीचाच पट्टा नीट बसावा म्हणून उंच बसवणारी बैठक, कधीही वापरू नये, कारण बूस्टरवरच्या मुलाला खांद्यावरून येणारा पट्टा हवाच असतो. तीन टोकांचा पट्टा असला तरी मधली बैठक बऱ्याचदा अरुंद, किंचित उंचवट्याची आणि कडक असते, तर साधारण चाइल्ड सीटची रुंदी ४४ सेंटिमीटरच्या आसपास असते. उंचवट्यावर ठेवलेली रुंद सीट दोन्ही बाजूंना कलंडू पाहते. गाडीच्या पुस्तिकेत कोणत्या आसनावर कोणत्या वजनाची सीट चालते याचा एक तक्ता असतो. त्यात यू हे अक्षर असेल तर ती जागा पट्ट्याने बांधायच्या सार्वत्रिक प्रकारच्या सीटला योग्य आणि एक्स असेल तर अयोग्य. हा तक्ता फारसे कोणी उघडून पाहत नाही; मात्र दुकानदाराच्या सल्ल्यापेक्षा त्याच्यावर अधिक भरवसा ठेवावा.

या सगळ्या पाहणीतून मधले आसन उत्तीर्ण झाले तर अवश्य तेच निवडावे. तसे होत नसेल, आणि बहुतेक घरगुती गाड्यांत ते होत नाही, तर माझे मत मागच्या डाव्या आसनाच्या बाजूचे आहे. आयसोफिक्सने डावीकडे पक्की बसलेली सीट ही पट्ट्याने मध्यभागी कशीबशी बांधलेल्या सीटपेक्षा चांगली.

डावेच का, याची कारणे रस्त्यावर आहेत. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला थांबते, त्यामुळे डावे दार पदपथाच्या किंवा साइडपट्टीच्या बाजूला उघडते. बाळाला सीटमध्ये ठेवून पाच ठिकाणचा पट्टा नीट बसवायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पालकाची पाठ दाराबाहेर असते. पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यासारख्या गर्दीच्या ठिकाणी उजव्या दाराशी असे वाकून उभे राहणे म्हणजे मागून येणाऱ्या दुचाकींसमोर स्वतःला उभे करणे होय. शिवाय पालकांपैकी एकटाच गाडी चालवत असेल तर सिग्नलला मान थोडी वळवली की डावीकडे मागे बसलेले मूल दिसते, ड्रायव्हरच्या पाठीमागे बसलेले दिसत नाही. गाडी चालू असताना मात्र वळून पाहू नये, हे सांगायला नकोच.

डाव्या बाजूला आणखी एक सोय आहे, ती मागे तोंड केलेल्या सीटसाठी. नवजात बाळाची सीट साधारण ४५ अंशांत रेललेली असावी लागते, नाहीतर झोपेत मान पुढे पडून श्वासाला अडथळा येऊ शकतो. एवढी रेललेली सीट पुढेमागे बरीच जागा खाते. ती ड्रायव्हरच्या मागे बसवली आणि ड्रायव्हर उंच असला तर त्याचे आसन पुढे ओढावे लागते, गुडघे स्टिअरिंगला लागतात आणि ब्रेक दाबणे अवघड होते. डावीकडे पुढच्या प्रवाशाचे आसन सरकवता येते. तेथे बसणाऱ्याची छाती डॅशबोर्डपासून निदान २५ सेंटिमीटर लांब राहते ना, एवढे पाहावे. तसे राहत नसेल तर तेथे कोणी बसू नये. सीट पुढच्या आसनाला टेकलेली चालते की नाही हे प्रत्येक कंपनी वेगळे सांगते, म्हणून सीटच्या पुस्तिकेत पाहावे. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याचे तोंड मागेच असावे, असे युरोपात वापरला जाणारा आर १२९ हा नियम सांगतो. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१८ पासून त्याही पुढे जाऊन, सीटच्या उंची-वजनाच्या मर्यादेपर्यंत मूल मागे तोंड करूनच बसवा, असे सांगते. तेव्हा या जागेची तडजोड काही आठवड्यांसाठी नसून वर्षांसाठी आहे, हे धरूनच मोजमाप करावे.

दोन मुले असली की गणित बदलते. लहान बाळ डावीकडे आणि बूस्टरवर बसणारे मोठे मूल उजवीकडे, ही मांडणी बहुतेक गाड्यांत चालते, फक्त मोठ्या मुलाने उजव्या दाराने स्वतः उतरायचे नाही, यासाठी त्या दाराचे चाइल्ड लॉक लावून ठेवावे. बूस्टर शेजारच्या सीटला खेटून ठेवला तर बक्कल खाली दबते आणि मूल ते लावायचा कंटाळा करते, म्हणून बोटे आत जातील एवढी फट ठेवावी. आता आजी-आजोबा. दोन चाइल्ड सीटच्या मध्ये आजीला बसवणे हा आपल्याकडचा सर्रास तोडगा आहे, पण उरलेल्या जागेत प्रौढ माणसाला नीट टेकता येत नाही आणि आपल्या पट्ट्याचे बक्कलही सापडत नाही. त्यापेक्षा ज्येष्ठांना पुढे बसवावे आणि अगदी गरज असेल तर सडपातळ व्यक्तीने मध्ये बसावे. स्पष्टच सांगायचे तर दोन चाइल्ड सीट लावलेली पाच आसनांची गाडी ही चार जणांची गाडी असते.

मुलाशेजारी जो कोणी बसेल त्याने पट्टा लावलाच पाहिजे. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्यासह मागच्या आसनावरील दोघांचा मृत्यू झाला आणि त्यांनी पट्टे लावलेले नसल्याचे पोलिसांनी सांगितले, तेव्हापासून मागच्या पट्ट्याची चर्चा महाराष्ट्रात बरीच झाली. ती चर्चा प्रौढांच्या जिवापुरतीच राहिली. पट्टा न लावलेला सत्तर किलोचा माणूस धडकेत शेजारच्या मुलावर आदळतो, ही बाजूही तेवढीच महत्त्वाची आहे.

तीन रांगांच्या गाड्यांत मधल्या रांगेलाच प्राधान्य द्यावे. तिसऱ्या रांगेत आयसोफिक्स बहुधा नसते, आणि मागच्या काचेचे व दाराचे अंतर इतके कमी असते की मागून धडक बसल्यास मूल सर्वांत आधी सापडते. अडचण अशी येते की तिसऱ्या रांगेत जाण्यासाठी मधले एक आसन दुमडावे लागते आणि त्यावर चाइल्ड सीट असली की वाट बंद होते. आपल्या गाडीत कोणते आसन दुमडते हे पाहून चाइल्ड सीट दुसऱ्या बाजूला हलवावी लागली, तर डावीकडचा आग्रह सोडायला हरकत नाही. जुन्या सुमो किंवा बोलेरोसारख्या गाड्यांत मागे समोरासमोर आडवी आसने असतात. त्यांवर चाइल्ड सीट बसवण्याचा विचारही करू नये, कारण कोणतीच सीट आडव्या आसनासाठी तपासलेली नसते.

जागा निश्चित करून सीट बसवली की जेथून पट्टा किंवा आयसोफिक्सचा जोड जातो त्या ठिकाणी धरून ती हलवावी. पुढेमागे किंवा बाजूला अडीच सेंटिमीटरहून जास्त हलत असेल तर बैठकीवर गुडघा दाबून पट्टा पुन्हा ओढावा, आणि तरीही हलत असेल तर ती जागा त्या सीटची नव्हे. वरचे टोक धरून हलवू नये, ते थोडे हलणारच. आयसोफिक्स आणि पट्टा दोन्ही लावले म्हणजे दुप्पट सुरक्षा मिळते, असा समज आहे. पुस्तिकेत तसे सांगितले नसेल तर एकच पद्धत वापरावी. आसनाचे कव्हर खराब होऊ नये म्हणून सीटखाली जाड गादी किंवा घडी घातलेला टॉवेल ठेवण्याची सवय असेल तर तीही सोडावी. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात बंद गाडीतले धातूचे बक्कल चटका बसण्याइतके तापते, तेव्हा मूल बसवण्यापूर्वी ते हाताने तपासावे, आणि शक्य असेल तर चाइल्ड सीटची बाजू सावलीत येईल अशा बेताने गाडी लावावी.

मूल वाढते तशी जागाही पुन्हा ठरवावी लागते. मागे तोंड असलेली सीट पुढे वळवली की पुढच्या आसनाला जास्त मोकळीक मिळते आणि टॉप टेदरची गरज नव्याने निर्माण होते. धाकटे भावंड आले की डावी जागा त्याला देऊन मोठ्याला उजवीकडे हलवावे. उंची १४५ ते १५० सेंटिमीटरच्या आसपास पोहोचेपर्यंत बूस्टर काढू नये. काढण्यापूर्वी मुलाला पाठ पूर्ण टेकवून बसायला सांगावे. गुडघे बैठकीच्या कडेशी वाकत असतील, कमरेचा पट्टा पोटावर न येता मांड्यांच्या वरच्या हाडावर बसत असेल आणि खांद्याचा पट्टा मानेला न घासता खांद्याच्या मधोमध जात असेल, तर बूस्टर काढता येईल. ही कसोटी एकाच गाडीच्या प्रत्येक आसनावर वेगळी उतरू शकते, म्हणून मूल जेथे बसणार त्याच आसनावर ती घ्यावी, आणि तेरा वर्षांपर्यंत ते आसन मागचेच असावे.