बाकाबाईंची चार चित्रं: लिनोकट घरी छापायची रीत

नागपूरच्या रघुजी दुसऱ्या भोसल्यांची राणी बाकाबाई नागपूरकरांना दोन ठिकाणी भेटतात, भोसल्यांच्या इतिहासात आणि तान्ह्या पोळ्याला निघणाऱ्या काळ्या मारबतीत. मारबत म्हणजे मिरवून जाळायचा बाईचा पुतळा; काळी मारबत इंग्रजांना सामील झाल्याचा ठपका असलेल्या बाकाबाईंची, असं सांगतात. त्यांच्यावर चित्रमालिका करायची तर दोन्ही घ्यावं लागतं. नुसती आरती ओवाळली की चित्र गुळमट होतं. लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून छापलेलं चित्र, इथे शोभतो, कारण एकाच शाईत छापला की त्यात काळं आणि पांढरं एवढंच असतं.

चार प्रसंग पुरेत. पहिला १८१८ चा: इंग्रजांनी अप्पासाहेब भोसल्यांना गादीवरून काढल्यावर रघुजी दुसऱ्यांचा नातू, मुलीचा मुलगा, तिसरा रघुजी म्हणून बसवला गेला. तो अजून पोरच होता, पालक म्हणून बाकाबाई. दुसरा, संस्थान खालसा झाल्यावर सीताबर्डीत विकायला काढलेले हत्ती, घोडे, बैल. तिसरा, वाड्यातलं सामान हलवलं तर वाडा पेटवून देईन, ही बाईंची धमकी. चौथा, मारबत.

चेहरा काढायच्या भानगडीत पडू नका. डोक्यावरून घेतलेला पदर, खांद्याची रेष, टेकलेला हात एवढ्यावर बाई उभी राहते. एक चूक मात्र हमखास होते: नथ, ठसठशीत कुंकू, हिरवा चुडा. रघुजी दुसरे १८१६ त वारले, त्यामुळे या चारही प्रसंगांत त्या विधवा आहेत. तिसऱ्या चित्रात ज्वाळाही नकोत. वाडा त्यांनी पेटवला नाही, धमकी दिली. दारात उभी बाई, हातात न पेटवलेली मशाल, मागे बांधून ठेवलेलं सामान असं ठेवा.

संदर्भासाठी नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यांचे खांब आणि कमानी पाहून या, शस्त्रांसाठी अजब बंगला, म्हणजे तिथलं मध्यवर्ती संग्रहालय. दुसऱ्या चित्रात मागे टेकडी हवी. सीताबर्डीचा किल्ला आतून बघायचा तर सहसा २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्टलाच उघडतो. टेकडीचा आकार खालच्या रस्त्यावरूनही नीट दिसतो.

सामान: ३ मिमी जाडीचा, मागे गोणपाट असलेला लिनो, २० × ३० सेंमीचे तीन तुकडे. चित्रं चार आणि तुकडे तीन, कारण पहिलं आणि चौथं एकाच तुकड्यातून निघतं. व्ही आणि यू आकाराची पाती, धारदार कटर, १० सेंमीचा रबरी रोलर, शाई लाटायला काच. तेलाची काळी शाई एका प्रतीला एक ते दीड मिली लागते. बारा प्रती, चाचण्या आणि काचेवर वाया जाणारी धरून चित्रामागे ३० मिली, म्हणजे ६० मिलीच्या दोन ट्यूब. कागद १०० ते १२० जीएसएमचा, २८ × ३८ सेंमी. २०० जीएसएमचा हातकागद दिसतो सुंदर, पण चमच्याने घासून त्यावर शाई नीट उतरत नाही. त्याला प्रेसच लागते.

आता तो एकाच तुकड्याचा डाव. लिनोवर बाईंची आकृती आखा आणि कटर सरळ उभा धरून बाह्यरेषेवर कापा. पातं तिरपं झालं तर तुकडे परत बसवताना कडा चढते. वरचा थर कापला की लिनो हलका वाकवून मागचं गोणपाट वेगळं कापा. आता पार्श्वभूमी आणि आकृती असे दोन तुकडे झाले. गादी आणि पोर पार्श्वभूमीवर कोरा, मारबतीचे वटारलेले डोळे आकृतीवर. पहिल्या चित्रात फक्त पार्श्वभूमीला शाई लावायची आणि आकृती कोरीच परत बसवायची, म्हणजे काळ्यात पांढरी बाई उमटते. ती जागा रिकामी सोडलीत तर घासताना कागद आत दबतो आणि कडेला शाई फासते. चौथ्या चित्रात उलट: आकृतीला शाई, पार्श्वभूमी कोरी. गादी आणि पोर आपोआप गायब, उरते ती काळी बाई. नातू बसवला तीच आकृती मारबत होते, वेगळं काही काढावं लागत नाही.

सालाचे आकडे आणि अक्षरं उलटी कोरायची असतात. ट्रेसिंग कागदावर सरळ लिहा, कागद पालथा करून कार्बनने उतरवा. कोरण्याची खोली एक ते दीड मिमी. मोठ्या पांढऱ्या जागा थोड्या जास्त खोल, नाहीतर तिथे रोलर लागून ओरखडे उमटतात. हात कायम पात्याच्या मागे.

नागपूरचा उन्हाळा इथे आडवा येतो. मे महिन्यात लिनो मऊ पडतो, पातं सुटतं आणि बारीक रेषा दबतात, म्हणून कोरकाम सकाळी आठच्या आत उरका. शाईही पातळ होऊन बारीक खाचा भरते. चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट घोटलं की ती घट्ट होते. कागद कूलरच्या झोतात ठेवू नका. दमट हवेने तो फुगतो, लाटा येतात आणि समासाची मापं चुकतात. थंडीत उलट: कडक लिनो दहा मिनिटं उन्हात धरला की लोण्यासारखा कापला जातो.

शाई लाटताना कानाने ओळखा. रेशमासारखी बारीक सरसर आली की बरोबर. चटचट आवाज म्हणजे जास्त. एकदम जाड थर देण्यापेक्षा तीन-चार पातळ हात द्या. पुठ्ठ्यावर कागदाच्या कोपऱ्यासाठी एल आकाराची पट्टी चिकटवा, तिच्यापासून दोन्ही बाजूंनी ४ सेंमी आत लिनोच्या कोपऱ्याची खूण करा आणि दरवेळी दोन्ही कोपरे आपापल्या जागी टेकवा. लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे घासा, एक कोपरा उचलून बघा. ठिपके-ठिपके दिसले तर शाई कमी आहे किंवा दाब. पहिल्या दोन-तीन प्रती बिघडतातच, त्या मोजू नका.

साफ करताना आधी गोडेतेल, मग भांड्यांचा साबण. अळशीच्या तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात टाकून देऊ नका, तो आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

प्रती दोरीला चिमट्याने टांगा. एरवी चार ते सात दिवसांत वाळतात, पावसाळ्यात दोन आठवडेही लागतात. तान्ह्या पोळ्याला तयार हव्या असतील तर छपाई निदान तीन आठवडे आधी संपवा. खाली पेन्सिलने डावीकडे १/१२ असा क्रमांक, मध्ये नाव, उजवीकडे सही. चौथ्याखाली नाव न देता फक्त १८८१ लिहिलं तरी चालेल. काळ्या मारबतीची प्रथा त्या सालापासूनची सांगतात, आणि बाकाबाई १८५८ तच वारल्या होत्या.