आधी ‘का’ शोधा, मग लाल पेन

‘श्यामची आई कठोर होती का?’ असा विषय आठवीला दिला, की निम्म्या वह्यांत गोष्टच उतरवलेली सापडते. म्हणून पहिलं वाचन पेन्सिलीनं करा. मत दिसलं की समासात ‘म’, पुस्तकातला प्रसंग आला की ‘प्र’, आणि प्रसंगाची मताशी सांगड घातली असेल तर ‘का’. पोहायला नको म्हणून लपलेल्या श्यामला आईनं मारलं, एवढंच लिहिलं तर नुसता ‘प्र’. ‘लोकांनी त्याला भित्रा म्हणू नये म्हणून मारलं, म्हणजे ती कठोर नव्हती’ असं पुढे आलं, की ‘का’. दहापैकी चार गुण मी त्यालाच ठेवते. ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या वाचनात. आपल्या मताविरुद्ध लिहिणाऱ्यालाही तेवढेच गुण द्यायचे. मला ते अजून जड जातं.